मी पाना नव्हे, पटर!

मित्रांनो, त्या रविवारी मी जो हादरलो, तो अजून सावरलेलो नाही. डोकं पितळेचं असलं तरी धक्का बसतोच हो!

मी भोपाळचा एक जुना पटर आहे. गोल्फमध्ये लांब फटके मारणाऱ्या काठ्या वेगळ्या. चेंडू भोकाजवळ आला की त्याला हलकेच आत लोटायचं शेवटचं काम माझं. आज सकाळपर्यंत आनंद नगरातल्या एका घरात, भिंतीकडे तोंड करून दाराआड उभा होतो. का, तेच सांगतो.

माझा जन्म दुकानातला नाही. बावीस वर्षांपूर्वी नीळकंठराव विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. साहेब लोकांना खेळायला चौथा गडी कमी पडला म्हणून त्यांना एकदा बोलावलं, आणि त्यांना या खेळाचं वेडच लागलं. विकतचा एकही पटर हाताला बसेना. मग कबाडखान्यातून त्यांनी पितळेचा ठोकळा आणला, आणि त्यांचे मित्र, लेथवर काम करणारे शकीलभाई, यांनी तो कातून मला डोकं दिलं. मुठीवरची पट्टी गुंडाळली नीळकंठरावांच्या पत्नीने, विमलबाईंनी, तीही पापड लाटता लाटता. जवळून वास घ्या, अजून हिंग जाणवेल.

काय दिवस होते ते! काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलावा, तसे नीळकंठराव मला धरायचे. चेंडू आत गेला की शकीलभाई लांबूनच खास भोपाळी ढंगात ओरडायचे, "को खाँ, हाथ है कि मक्खन!"

हा हात कारखान्यात तयार झाला होता. नवी मुलं नट आवळताना दात-ओठ खाऊन पान्याला लोंबकळायची, तेव्हा नीळकंठराव ओरडायचे, "बस! और कसेगा तो चूड़ी मर जाएगी!" नटाच्या आतले आटे झिजले की तिकडे 'चूडी मेली' म्हणतात. असा नट मग नुसता गरागरा फिरतो, काही धरून ठेवत नाही.

यंदा नीळकंठराव निवृत्त होणार होते. नागपूरला परत जायचं ठरलं होतं. गोल्फ क्लबच्या हॉलमध्ये एक सागवानी फळी आहे, तिच्यावर दरवर्षीच्या स्पर्धेतल्या विजेत्याचं नाव कोरतात. नीळकंठराव दोनदा दुसरे आले होते, आणि दुसऱ्याचं नाव कोरत नाहीत. जाण्याआधी एकदा आपलं नाव त्या फळीवर लागावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग घरात सतरंजीवर सराव सुरू झाला. स्टीलची वाटी आडवी ठेवायची आणि रोज दोनशे वेळा चेंडू तिच्यात घालायचा. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्यांनी माझ्या डोक्यावर रेघ मारली, पाय ठेवायच्या जागी खडूच्या खुणा केल्या. श्वास कधी घ्यायचा, हेसुद्धा वहीत लिहिलं! बोटं पांढरी पडेपर्यंत मला आवळू लागले. आणि चेंडू वाटी सोडून भलतीकडेच जाऊ लागला. मी चक्रावलो. तोच मी, तेच हात, तरी असं का?

एकदा विमलबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या. "अहो, तो पटर आहे, पाना नाही! किती आवळाल?"

"तीनच आठवडे राहिलेत गं," असं म्हणून त्यांनी मला आणखी आवळलं.

स्पर्धेचा तो रविवार उजाडला. शेवटच्या भोकापासून चेंडू फक्त दोन हातांवर होता. आत गेला तर नीळकंठराव एका फटक्याने पहिले. चुकला तर बरोबरी, आणि बरोबरीत मान मागच्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहतो, असा इथला नियम. ते चारही बाजूंनी फिरले, तीनदा उकिडवे बसले, मनातल्या मनात वही वाचली. मग मला असं आवळलं की माझी दांडी थरथरू लागली.

चेंडू भोकाच्या काठाला घासून चार हात पलीकडे गेला.

नीळकंठराव चालत गेले, आणि न बघता, न थांबता, एका हाताने मला सैल धरून, माझ्या पाठीनेच चेंडूला परत टिचकी मारली. चार हातांवरून! सरळ आत! टप्प!

मित्रांनो, मी थक्क झालो. शकीलभाई तर गवतावर बसलेच. नीळकंठराव त्या भोकाकडे बघत राहिले. बरोबरी झाली होती, म्हणजे फळीवर नाव पुन्हा दुसऱ्याचंच.

"नीलकंठ भाई," शकीलभाई हळूच म्हणाले, "चूड़ी मर गई।"

त्या दिवसापासून मी दाराआड होतो. आठ दिवस मला कोणी हात लावला नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आज सकाळी सामान बांधताना विमलबाईंनी विचारलं, "हा न्यायचा की शकीलभाईंना द्यायचा?"

नीळकंठराव आले. त्यांनी मला दोन बोटांत उचललं, भरलेला कप उचलावा तसं. कितीतरी दिवसांनी!

"घे ना," ते म्हणाले. "त्याने काय केलंय?"

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपून वापरा, त्यांच्यावर जीव लावा, पण त्यांना असं आवळू नका. मी तुमच्याच हातात तर होतो, कुठे पळून जाणार होतो?