न जुंपलेलं नाव

आमच्या घरात तोंड दोघांचंच चालतं. एक माझं, दुसरं माझ्या सासऱ्यांचं. मुंजाबा त्यांचं नाव, आम्ही मामा म्हणतो. त्यांनी उभी हयात पाचोडच्या जनावरांच्या बाजारात काढली. मेंढरं, बैल, घोडी, आपली बी विकली अन् लोकांची बी विकून दिली. बारा-तेराच्या दुष्काळात चारा संपला, तवा घरची सगळी मेंढरं त्यांनी काढून टाकली. त्या पैशात माझ्या नवऱ्यानं, हनुमाननं, एक जुना पाण्याचा टँकर घेतला अन् आम्ही शहरात, मुकुंदवाडीत, खोली करून राहिलो.

शहर नुसतं फुगत होतं. गारखेड्यापल्याड बिल्डिंगीवर बिल्डिंगी उठत होत्या, अन् नळाला पाणी यायचं कधीमधी. लोक मोबाईलवर टँकर शोधायचे. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली घरात मी एकटीच. म्हणून मी इंटरनेटवर एक नाव घेतलं, पाझर डॉट इन. ते नाव टाकलं की माझा नंबर दिसायचा. टँकर तर गल्लोगल्ली झाले होते हो, पण लोकांच्या ध्यानात राहायचं ते आमचं नाव. घर त्याच्यावरच चालत होतं.

सोळाच्या उन्हाळ्यात पुण्याचा एक साहेब आला. त्याची कंपनी बाटलीतलं पाणी विकते, तिचं बी नाव पाझरच. आता बिडकीनजवळ कारखाना टाकायचा म्हणून इंटरनेटवरचं आमचं नाव त्यांना पाहिजे होतं. आदल्या दिवशी फोनवर बोलणं झालं, तवाच मी मामांना बजावलं होतं, विकायचं नाय. मामा म्हणाले, "नको विकू. पण भाव तरी कळू दे."

साहेब बाजेवर बसला. बोलणं इतकं गोड, की मला पहिल्यापासूनच तो माणूस बरा वाटंना. चहाच्या कपाशेजारी त्यानं मोबाईल ठेवला अन् म्हणाला, "बाबा, मागाहून घोटाळा नको, म्हणून बोलणं रेकॉर्ड करतो. चालेल ना?"

"करा की," मामा म्हणाले. "मुंजाबा बोललेलं फिरवत नसतो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. लागोपाठ ऑर्डरी. खोलीत रेंज नसते, म्हणून मी ओट्यावर गेले. उन्हाळ्यात गिऱ्हाईक सोडून कसं भागंल? पण डोळा अन् कान माझे आतच होते.

मामांनी खांद्यावरचं उपरणं साहेबाच्या हातावर टाकलं अन् त्याच्याखालून त्याची बोटं दाबली. बाजारात भाव असाच सांगतात, चारचौघांना न दिसता. साहेबानं हात हळूच काढून घेतला. "मला ही बोटांची भाषा येत नाही बाबा. तोंडानं सांगा. नाव वापरात आहे का?"

आता बाजाराची रीत सांगते. गिऱ्हाईक विचारतं, बैल जुंपलाय का? जुंपलाय म्हणलं की भाव पडला. म्हणून खांद्याला घट्टे पडलेला बैल असला तरी विकणारा म्हणतो, कोरा हाय. गिऱ्हाइकाला बी ते ठाऊक असतं. ते हसतं, बैलाचे दात बघतं, अन् सौदा पुढं सरकतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाय.

"कोरं हाय साहेब," मामा म्हणाले. "एकदाबी जुंपलेलं नाय. तुमच्यासारखं तालेवार गिऱ्हाईक येईल म्हणूनच राखलंय. तुम्हाला नको असंल तर दुसरी पार्टी दारात उभी हाय."

साहेब हसला नाय. त्यानं परत विचारलं, सावकाश, "म्हणजे विकण्यासाठीच घेतलं होतं?"

"मग काय पूजेला?"

मी धावत आत आले, तवर साहेबानं मोबाईल खिशात घातला होता. चहाला त्यानं तोंड लावलं नव्हतं. भाव विचारला नाय, घासाघीस केली नाय, नमस्कार करून निघून गेला. मामा खूश. म्हणाले, परत येतंय बघ. पण भाव न विचारता जाणारं गिऱ्हाईक मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

तो परत आला नाय. नोटीस आली. पाझर हे नाव आम्ही सरकारदरबारी आधीच नोंदवलंय, ह्या लोकांनी आम्हाला अडवून पैसा काढायला ते दाबून ठेवलं, असं तिच्यात होतं. निवाडा दिल्लीचा लवाद करणार, अन् पुरावा म्हणून मामांचं बोलणं, शब्द अन् शब्द.

गारखेड्यातल्या सर्जेराव वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, "पाझर काय त्यांच्या एकट्याचा शब्द नाही. ह्या नावावर रोज धंदा करतो, असं सांगितलं असतं तर लढता आलं असतं. तेवढी एकच बाजू होती तुमची, अन् बाबांनी तीच घालवली. नावावर नुसता नंबर दिसतो म्हणून धंदा शाबीत होत नाही. पावत्या आहेत का?"

टँकरची पावती कोण देतं हो?

एकच वाट उरली होती. मी खोटं बोललो, असं मामांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. घरी येऊन मी त्यांच्यावर तुटून पडले. नाय नाय ते बोलले. शेवटी मामा म्हणाले, "सौद्यात तसंच बोलत्यात दिपाली. मी खोटं नाय बोललो गं." बाजारात त्यांच्या शब्दावर लोक न बघता जनावर सोडून न्यायचे. मला हे कळत होतं. तरीबी मी पेन त्यांच्या हातात दिलं, कारण चूल मला पेटवायची होती. त्यांनी सही केली अन् त्यानंतर ते पाचोडच्या बाजाराला कधी गेले नाय.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला निकाल आला, तो मी वाचला. हा माणूस आधी म्हणतो वापरलं नाही, मग म्हणतो खोटं बोललो, त्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा? नाव कंपनीला द्यावं. मामांना मी त्यांच्या शब्दाचं तेवढं वाक्य वाचून दाखवलं नाय.

माझा फोन गप झाला. टँकर दारात उभा राहिला, भर उन्हाळ्यात. हनुमान मजुरीला जायला लागला. मग एका सकाळी फोन वाजला. तोच गोड आवाज.

"ताई, गारखेड्याच्या सोसायटीला पाणी हवंय. आमच्या पाझर डॉट इनवर बुकिंग आलंय. तुमचा टँकर मोकळा असेल ना? दर आमचा राहील. आणि टँकर तुमचा आहे असं तिथं सांगायचं नाही."

त्यानं पत्ता सांगितला. त्या सोसायटीला मी तीन उन्हाळे पाणी पाठवलं होतं.

"व्हय," मी म्हणलं, "पाठवते."

मामा बाजेवर उठून बसले. "कुणाचा फोन गं?"

"पाझरचा," मी म्हणलं.