खुन्याचा चेहरा

मुक्या सिनेमाचे दिवस होते. मुंबईच्या एका कंपनीने देवासच्या टेकडीखाली तंबू ठोकला आणि बहिर्जी लोहाराला बेड्या घडवायचं काम दिलं. गोष्ट गावातल्याच एका जुन्या खुनाची होती. कारभाऱ्याने खजिन्याच्या भिल्ल पहारेकऱ्याला मारलं होतं, आणि त्या कारभाऱ्याच्या पायांत बेड्या ठोकल्या होत्या बहिर्जीच्याच आजाने. साऱ्या देवासला हे तोंडपाठ होतं.

बेड्या आणि हत्यारं घेऊन बहिर्जी तंबूत शिरला, तर दिग्दर्शक नारोपंत म्हणाले, "त्या तुलाच घालायच्यात. आमच्या सिनेमात खुनी लोहार आहे."

"आणि कारभारी?"

"तो खुनी पकडतो. अरे, घरंदाज माणूस खुनी दाखवला तर लोक पडदा फाडतील. तुझं हे काळं, दांडगं थोबाड कसं पाहताक्षणी ओळखतील!"

बहिर्जीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज मऊ करून तो म्हणाला, "बेड्या घालून चालायचं कसं, ते एकदा करून दाखवा ना पंत."

नारोपंतांनी हौसेने पाय पुढे केले. बहिर्जीने बेड्या चढवल्या, खिळे घातले आणि हातोड्याने ठोकून पार चपटे करून टाकले. त्या बेड्यांना किल्ली नव्हतीच. मग छिन्नी-हातोडा पिशवीत टाकून तो सरळ बाहेर पडला.

"थांब, हरामखोरा! काढ हे!" पंत पाय फरफटत त्याच्यामागे आले.

बाहेर गंमत बघायला गाव लोटला होता. बेड्यांतला तो गोरापान, घरंदाज माणूस दिसला मात्र, गर्दीतून कुणीतरी शेजारच्याला माळवी ढंगात ओरडून म्हणालं,

"अरे भिया, हाच तो कारभारी!"