रस्त्याचं आभारपत्र

वडवणीकडं जाणारा आमचा रस्ता यंदा दिवाळीआधी झाला. आधी खड्ड्यांतून गाड्या कशाबशा सरकायच्या, आता सुसाट जातात. घर रस्त्याच्या अलीकडं, अंगणवाडी पलीकडं. माझी संस्कृती चार वर्षांची आहे.

काम करून देणाऱ्या साहेबांचा सत्कार करायचं गावानं ठरवलं. सरपंच बंकटमामा माझे चुलत सासरे. मी बीए झालेली, म्हणून आभारपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. शेवटी मी एक ओळ घातली, अंगणवाडीसमोर गतिरोधक करावा. मामांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"सूनबाई, सत्काराच्या कागदात मागणं न्हाई घालायचं. आदी हार घालू, मग मागू. त्येवढं काढ अन् लिही, गावाची आता कायबी मागणी न्हाई. मानसाला बरं वाटतंय."

मला खटकलं. पण मामांपुढं मी कधी बोलले नव्हते. नवा कागद घेतला. गावानं सह्या केल्या, सासूबाईंनी अंगठा दिला. शाल-नारळ झालं, पत्र मीच वाचलं. टाळ्याही पडल्या.

मग कारखाना सुरू झाला. उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरला गाण्यापुढं काही ऐकू येत नाही. मी गतिरोधकासाठी अर्ज केला. महिनाभर उत्तर नाही, म्हणून तालुक्याला बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी फायलीतून माझंच पत्र काढलं.

"ताई, गावाची काहीच मागणी नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. आता मी वर काय कळवू?"

वरून अक्षर छान आहे म्हणाले. ग्रामसभेचा नवा ठराव आणा, बघू.

मामांना ते पटेना. सगळ्या गावानं दिलेला शब्द दोन महिन्यांत फिरवला, तर साहेब परत उभं करतील का, म्हणाले. पुढच्या वर्षी बघू, तवर पोरांसाठी रस्त्यावर तूच उभी राहत जा.

तेव्हापासून अंगणवाडी सुटायच्या वेळी तव्यावर भाकरी असली तरी गॅस बंद करून पळते. काल नऊ पोरं माझ्यामागं उभी होती. ट्रॅक्टर येताना दिसला, मी हात वर केला. त्यानं वेग कमी केला नाही, नुसता हॉर्न दिला. उसाचं पाचट अंगावर उडालं.

"मम्मी, त्या काकांनी आपल्याला टाटा केलं," म्हणत संस्कृती हात हलवत पुढं सरकली. मी तिचं दप्तर मागून घट्ट धरलं. वळणावर दुसरा ट्रॅक्टर दिसत होता.