दहा मिनिटांची खुर्ची

देवाशपथ, आईशपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. परवाना कार्यालयात, साहेबांच्या टेबलापाशी, दाजींनी फिटरच्या अशी कानाखाली वाजवली की त्याची दाढ सुटली, हवेत दोन कोलांट्या खाल्ल्या आणि डुबुक्कन साहेबांच्या चहात पडली.

साहेबांनी ती चमच्यानं बाहेर काढली आणि फायलीवर ठेवली.

"कागदपत्रांच्या यादीत हे नाहीये," ते म्हणाले.

फाइल तिसऱ्यांदा परत आली होती. दाजींचं गोदाम बांधून तयार, माल ट्रकमध्ये दारात उभा, आणि सगळं अडलं होतं रॅकपाशी. बावीस फुटी लोखंडी रॅक उभे करायचे तर परवाना लागतो, आणि नकाशात खांबांच्या पायाचे बोल्टच दाखवायचे राहिले होते. नकाशा फिटरचा. फिटर म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे चूक झाली की मारायला घरचाच माणूस.

"बाहेर चल. दुसऱ्या बाजूचीही काढतो," दाजी म्हणाले.

साहेबांनी चहा बाजूला सारला. "नकाशा दुरुस्त करून आजच द्या. शुक्रवारी बघायला येतो. खुर्ची तयार ठेवा."

ही खुर्ची म्हणजे साहेबांची स्वतःची रीत, कायद्यात कुठं लिहिलेली नाही. सगळ्यात वरच्या फळीवर पुरतं वजन चढवायचं, आणि अर्जावर ज्याची सही असेल त्यानं बरोबर त्याखाली बसून दहा मिनिटं चहा प्यायचा. धडधाकट उठला, की साहेबांची सही. भल्याभल्यांना त्या खुर्चीत बसल्यावर आपल्या फिटरला किती घाई केली ते आठवायचं.

गुरुवारी दुपारी शेवटच्या रांगेतले शेवटचे दोन खांब राहिले होते. फिटरनं जमिनीत ड्रिल घातलं, ते दोन बोटं आत गेलं आणि किंचाळून थांबलं. खाली काँक्रीटमधली सळई लागली होती. शेजारच्या भोकात तेच. दोन पाय, आठ भोकं, सगळी अर्धवट. यावर उपाय एकच, अख्खी रांग सोडवायची आणि चार इंच सरकवून नव्यानं भोकं पाडायची. दीड दिवसाचं काम.

"दाजी, शनिवार उजाडेल," तो वळून म्हणाला.

दाजींच्या हातात पाण्याच्या नळाचा तुकडा होता. तो त्यांनी आधी फिटरच्या पाठीवर घातला, मग बोलले.

"उद्या सकाळी झालेलं दिसलं नाही ना, तर हीच नळी तुझ्या ताईच्या पाठीवर. तिला सवय आहे, तू काळजी करू नकोस."

ताई भर उकाड्यात लांब बाह्यांचं का घालते, हे फिटरनं तिला कधी विचारलं नव्हतं. त्यानं ग्राइंडर उचलला. आठ बोल्ट अंगठ्याएवढे आखूड कापले, भोकांत बसवले, वरून डोकी पुसून चकचकीत केली. उभ्यानं बघणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं.

शुक्रवारी साहेब आले. फोर्कलिफ्टनं खिळ्यांच्या पेट्या वर चढवल्या, दोन टन. खाली खुर्ची, खुर्चीत दाजी, पायावर पाय टाकून. साहेबांनी घड्याळ बघितलं. ताईनं ट्रेमधून चहा आणला.

दाजींनी एक घोट घेतला.

"साखर काय तुझ्या भावानं खाल्ली?" आणि उरलेला चहा तिच्या हातावर भिरकावला.

ताईनं ओली बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं-निळं, त्यावर आता लाल. फिटरनं ते पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, आणि परत घड्याळाकडं बघितलं.

"दोन मिनिटं झाली," ते म्हणाले.

फिटरला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प उभं राहायचं होतं. तीन. चार. वर एक पेटी जराशी कलती दिसत होती. पाच. दाजी त्याच्याकडं बघून हसले. सहा. दाढेच्या जागी जीभ फिरवत तो उभा राहिला, आणि सातव्या मिनिटाला धावला.

दाजींचा डावा हात त्याला जवळ होता. त्यानं उजवा धरला. खुर्चीतून खेचलं, फरफटत दहा पावलं नेलं, पाठीत गुडघा रोवला आणि तो हात मागं पिळला. ग्राइंडरखाली बोल्ट तुटतो तसा कोरडा आवाज झाला. आणि त्यामागोमाग तो रॅक खाली आला. बावीस फूट लोखंड, दोन टन खिळे, धडाडधूम! खिळ्यांचा पाऊस संपला तेव्हा खुर्चीचा नुसता चपटा पत्रा उरला होता.

"मेलो! हात मोडला रे यानं!" दाजी जमिनीवर लोळत होते.

साहेब खांबाच्या पायापाशी वाकले. बोल्टचं डोकं दोन बोटांत धरून उचललं. वीतभर लांब हवा, तो अंगठ्याएवढा निघाला.

"मीच कापले," फिटर म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग दाजींच्या हाताकडं, मग ताईच्या. मग बोल्ट खिशात टाकला.

"रांग चार इंच सरकवा. भोकं पुरती खोल. नवा अर्ज करा." त्यांनी दाजींकडं मान वळवली. "यांना काही आता सही जमायची नाही."

ताईनं ट्रे खाली ठेवला.

"मला जमते," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी ताई त्याच जागी खुर्चीत बसली. बाह्या दुमडून वर घेतलेल्या. डोक्यावर दोन टन. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दाजी दारात उभे, आणि फिटर फोर्कलिफ्टला टेकून वरच्या पेट्या पुन्हापुन्हा मोजत होता.

"चहा कुणी केलाय?" तिनं विचारलं.

"मी."

"बराय."

दहाच्या दहा मिनिटं ती सावकाश चहा पीत राहिली. एकदाही मान वर केली नाही.

परवाना तिच्या नावानं आहे, गोदामाच्या दारातच लावलाय. आणि आता शपथ घातलीच आहे तर सांगूनच टाकते. दाढ चहातच पडली होती, त्यात बदल नाही. माझ्या पदरचं एवढंच आहे, की त्या शुक्रवारी रॅक पडला नव्हता. जागचा हललासुद्धा नव्हता.