कपाटात कोंडलेली करडगी

मित्रांनो, ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट आहे. मी एक जुनी करडगी आहे. करडगी म्हणजे इष्टलिंग, रोज तळहातावर घेऊन पुजायचे छोटे शिवलिंग, ठेवून गळ्यात घालायची चांदीची डबी. आमच्या लिंगायत घरांत पुरुषाच्या गळ्यात लिंग असते, तसेच बाईच्याही असते. ते तिचे स्वतःचे असते, नवऱ्याने दिलेले नव्हे.

सेलूच्या एका सोनाराने मला घडवले. माझ्या झाकणावर त्याने बेलाचे पान कोरले, ते जरा तिरकेच झाले. महेश्वरीच्या आजीने मला जन्मभर घातले. तिचे लिंग तिच्याबरोबर समाधीत गेले आणि मी नातीच्या गळ्यात आले. महेश्वरी लग्न होऊन जिंतूरजवळच्या गावी आली, तेव्हा बायका मला हातात घेऊन म्हणायच्या, "लय जुनं काम हाय!"

तिचा नवरा शिवकांत खताच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि घरी येऊन बायकोवर हात उचलायचा. दारात त्याची चप्पल वाजली की महेश्वरीचे काळीज कसे धडधडायचे, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक?

एके सकाळी ती पूजेला बसली असताना त्याने माझा दोरा हिसकला. दोरा तिच्या मानेत रुतला आणि तुटला. त्याने मला लिंगासकट कपाटात कोंडले, तिला बाहेर ढकलले आणि दार लावून घेतले.

"पूजेबिगर तिच्या घशाखाली पाणी उतरत न्हाई," तो आपल्या आईला, चन्नबसम्माला म्हणाला. "उपाशी किती राहती? सांजच्याला पाया पडत येती का न्हाई बघ."

सांज झाली. महेश्वरी आली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या केशरबाईने बातमी आणली, ती मी कपाटातून ऐकली. महेश्वरी जिंतूरला राजेश्री मॅडमकडे गेली होती. घरात मार खाणाऱ्या बायकांचे अर्ज कोर्टात नेणाऱ्या त्या सरकारी संरक्षण अधिकारी. आज तिचा अर्ज कोर्टापुढे येणार होता. नवऱ्याने अंगाला हात लावू नये आणि घरातून हाकलू नये, असा तातडीचा आदेश ती मागणार होती.

शिवकांत हसला. "साक्ष कोण देतंय? घरातलं माणूस बोलणार हाय व्हय?"

चन्नबसम्मा उठली. "कपाटाची किल्ली दे."

"कशाला?"

"लिंग तिचं हाय. तुज्या बापानं माज्या लिंगाला कदी हात लावला न्हाई. तू कोण टिकोजी लागून गेलास?"

"आई, तू कोर्टात जायलीस?"

"जायले. अडव बघू."

त्याने किल्ली टाकली. म्हातारीने मला पदरात बांधले आणि एसटी गाठली.

कोर्टाच्या व्हरांड्यात महेश्वरी राजेश्री मॅडमशेजारी बसली होती. सासूने मला तिच्या ओंजळीत ठेवले. "आगं, कालपास्नं पाणी तरी घेतलीस का?"

"भाकरीबी खाल्ली, आत्याबाई. उपाशी पोटी भांडता येत न्हाई."

म्हातारी स्वतः कधी पूजा न चुकवलेली बाई! पण म्हणाली, "बरं केलीस."

आत न्यायाधीश बाईंनी प्रतिज्ञापत्र वाचले, मानेवरचा वळ पाहिला आणि सासूकडे वळल्या.

"माज्या लेकानंच केलंय," चन्नबसम्मा म्हणाली. "मी बगितलंय. आदी गप बसले, आता न्हाई बसणार."

शिवकांतचे म्हणणे ऐकायची वाट न पाहता त्याच दिवशी आदेश निघाला. महिला पोलीस सोबत घेऊन आम्ही घरी आलो. तो दारात आडवा उभा होता.

"हे माजं घर हाय!"

"हाय की. माजंबी हाय," महेश्वरी म्हणाली. "बाजूला व्हा."

आणि तो झाला!

पुढे सुनावण्या झाल्या आणि आदेश कायम राहिला. शिवकांत आता दुकानामागच्या खोलीत राहतो. राजेश्री मॅडमची बदली झाली. चन्नबसम्मा गेल्या वर्षी वारली, खांदा द्यायला सून पुढे होती. केशरबाई अजून म्हणते, घरचं भांडण कोर्टात नेऊ नये. पण परवा तिनेच लेकीसाठी नव्या मॅडमचा फोन नंबर मागून नेला. महेश्वरी अंगणवाडीत काम करते आणि मी तिच्या गळ्यात आहे, नव्या दोऱ्यात.

मित्रांनो, चांदी काळी पडली की तुम्ही लगेच चिंच लावून घासता. बाईचे अंग काळेनिळे दिसले की मात्र खिडकी लावून घेता. मला नाही घासलेत तरी चालेल. ती खिडकी उघडा, आणि तिच्यासोबत कोर्टापर्यंत चला.