अशफाकचा तावीज

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रहेमतबीने गळ्यातला तावीज पहिल्यांदाच काढला आणि कानाशी धरून हलवला. मग ती घाबरलीच.

"जिनत, याच्यात त्याचा दात वाजायचा. आता वाजत न्हाई."

अशफाक रहेमतबीचा मुलगा, जिनतचा थोरला भाऊ. ती पाळण्यात असताना तो आष्टीबाहेरच्या दगडखाणीच्या पाण्यात बुडाला. त्याचा एकच दुधाचा दात पडलेला होता. तो तांब्याच्या तावीजात घालून त्यांच्या अब्बांनी, चाँद मेकॅनिकने, रहेमतबीच्या डोळ्यांदेखत झाळ देऊन तोंड बंद केलं होतं. आता अब्बाही नव्हते.

"उघडून बघू का?"

"नको गं! उघडला तर पोरगं निघून जाईल. तुझ्या मशिनीत न उघडता दिसतं म्हणतीस ना?"

जिनत हैदराबादला लेसरच्या प्रयोगशाळेत होती. तिथे लेसरचा प्रचंड ताकदीचा झोत धातूच्या पातळ पट्टीवर आदळवायचे आणि त्यातून क्ष-किरण उसळायचे. इतक्या थोड्या वेळापुरते, की तेवढ्यात प्रकाशालासुद्धा केसाची जाडी ओलांडता येत नाही. यंत्राच्या चाचणीसाठी काहीतरी ठेवावंच लागे. तिने तावीज ठेवला.

सगळे जाड भिंतीपलीकडे आले. तिच्या सहकाऱ्याने, सत्यमने, बटण दाबलं. पडद्यावर तावीजाची करडी सावली उमटली. आत दात होता. त्याला घट्ट टेकून आणखी एक होता.

"दोन दात आहेत की," सत्यम म्हणाला.

जिनतने तावीज फिरवून ठेवला आणि पुन्हा झोत सोडायला लावला. परत दोन. झाळ कुठे उकललीय का, ते तिने भिंगाखाली पाहिलं. नव्हती उकलली.

आष्टीला आल्यावर तिने हळूच विचारलं, "अम्मी, आत माझा पण दात ठेवला होता का?"

"तुला तवा दात तरी होते का? एकच ठेवला, त्याचा."

"दोन हायत. एकमेकांत अडकलेत, म्हणून वाजत न्हाईत."

रहेमतबीने काळ्या चष्म्याआडून तिने आणलेला तावीजाचा फोटो डोळ्यांजवळ नेला. मग तिचा चेहरा असा उजळला, की जिनतच्या अंगावर काटा आला.

"दुसरा बी पडला व्हय रे," ती फोटोला म्हणाली. "मोठा व्हायला लागलास."

जिनतने तावीज परत अम्मीच्या हातात दिला.

ईदला ती घरी आली, तर अम्मी तावीज हातात घेऊन दारातच उभी. "परत काढ फोटो. आता लई जड लागतोय."

जिनतने तो हातात घेतला. खरंच जड होता. तिने तो अम्मीच्या गळ्यात बांधला. "मशीन बंद पडलीय, अम्मी," ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात जिनत कधी एकटी झोपली नाही.