कमंडलूतला हिमालय

"शेणाला हात लावायचा तर हातमोजे देतात, आणि वाफ्यात जायचं तर म्हणे चपला काढा! काटा रुतला ना मला," माझी विद्यार्थिनी पायल माझ्या कानाशी कुरकुरली.

"हळू गं. महाराज तीर्थ शिंपडतायत."

पुण्यातल्या आमच्या विद्यापीठाच्या बागेत सकाळी सकाळी ही गर्दी, सगळे अनवाणी. निम्मे आयटीवाले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. या बागेत मी मुलांना सेंद्रिय बागकाम शिकवते. पदवी नाही, जे शिकले ते मेलेल्या रोपांकडून.

हरितानंद महाराजांच्या तीर्थाने आमची पिवळी पानं आठवड्यात हिरवीगार झाली होती. त्यामुळे मुलांनी महिनोन्‌महिने कुजवलेला खताचा ढीग उपसून तिथे ध्यानकुटी बांधायचं विभागप्रमुख सुखदेव सरांनी ठरवलं होतं. मजूर कुदळी घेऊन उभेच होते.

"वर आकाशात सर्व्हर आहे," महाराज सांगत होते. "झाड म्हणजे टर्मिनल. मी फक्त कनेक्शन देतो. हात लावा, कमंडलूत हिमालय उतरलाय!"

पाणी खरंच गारेगार. लोकांनी डोळे मिटले.

"महाराज, टोमॅटोची झाडं माझ्या उंचीची झालीत," मी म्हणाले, "पण टोमॅटो एकही नाही."

"फळाची अपेक्षा अज्ञानी धरतात."

टाळ्या!

मी पिशवीतून स्टीलचा पेला काढला. नळाचं पाणी घेतलं, खताच्या दुकानातून आणलेले पांढरे दाणे मूठभर टाकले, ढवळलं आणि पेला सरांच्या हातात दिला.

"अहो, गार पडला की!"

"युरिया, सर. विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. त्यातल्या नत्राने पानं हिरवी होतात. अति झालं की झाड नुसतं माजतं, फळ धरत नाही. सेंद्रिय बागेत आपण रासायनिक खताला हात जोडतोय."

"माझीच ऊर्जा पेल्यात शिरली!" महाराज गरजले.

"मग दुकानात पोतीच्या पोती ऊर्जा पडलीय," मी म्हणाले. "सर, विश्वास ठेवायला माझी ना नाही. आधी एकदा ढवळून बघा, एवढंच म्हणणं."

सरांनी मजुरांना कुदळी खाली ठेवायला सांगितल्या. मग मुलांकडे वळले. "तुमच्यातले कितीतरी शेतकऱ्यांच्या घरचे. एकालाही ओळखता आलं नाही?"

सगळे आपापल्या पायांची बोटं बघू लागले. शेवटी यवतमाळचा समाधान बोलला.

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, सर. पण तुम्ही पाया पडलात, म्हणून आम्हीही पडलो."